एक-शून्य-एक

सोमवारी दुपारी तीन वाजता मी पेटीतून रिव्हॉल्व्हर उचललं आणि ते हलकं लागलं. फार नाही. खोकल्याच्या औषधाची भरलेली बाटली आणि दोन दिवस घेऊन झालेली बाटली यांच्यात असतो तेवढा फरक. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण चोवीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा आहे मी. खोका हातात घेतला की आत किती पाकिटं उरलीत ते मला न उघडता सांगता येतं, आणि त्याबद्दल मला जरा गर्वही आहे, दुसरं काही गर्व करण्यासारखं फारसं नसल्यामुळे. मी चक्री बाहेर काढली. सहाच्या सहा घरं रिकामी. त्यातून पलीकडची चादर दिसत होती, निळ्या रेघांची, सहा गोल तुकड्यांत. पोटात गोळा आला. काय भाषा आहे बघा, मला त्याही वेळी हसू फुटलं: गोळ्या गेल्या आणि गोळा आला. घरात कुणी नव्हतं. त्या वेळी नसतंच कुणी. दुकान दोन ते पाच बंद असतं म्हणून मी जेवायला येतो. बायको कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, ती साडेपाचला येते. मुलगी अकरावीला, तिला यायला सहा होतात. पेटी पोलादी आहे, पलंगाजवळच्या कपाटात चार स्क्रूंनी खाली आवळलेली, आणि चार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. आकडे मला माहीत, दुसऱ्या कुणाला नाही. पेटीवर ओरखडा नव्हता, उचकटल्याची खूण नव्हती. बरं, चोर आला म्हणावं तर तो रिव्हॉल्व्हर घेऊन गेला असता. गोळ्या तेवढ्या काढून, बाकी सगळं जागच्या जागी ठेवून, पेटी नीट लावून जाणारा चोर म्हणजे फारच घरंदाज चोर झाला. मी पेटी बंद केली, उघडली, पुन्हा पाहिलं. मग चादरीखाली, पलंगाखाली, गादी उचलून. काही नाही. पाचला दुकान उघडलं आणि पहिल्याच गिऱ्हाईकाला चुकीचं मलम दिलं. ते परत मागून घ्यावं लागलं.

हे घरात आलं त्याला चार महिने झाले, पण कारण नऊ महिन्यांपूर्वीचं. दोघे आले होते दुकानात, भर बाराला, रस्त्यावर माणसं असताना. त्यांना झोपेच्या गोळ्या हव्या होत्या, चिठ्ठीशिवाय, आणि असतील तेवढ्या. मी म्हणालो, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणतो, ते तोंडातून आपोआप निघतं. त्यातला जो उंच होता त्याने सुरा काढून काउंटरवर नुसता ठेवला, लोक छत्री ठेवतात तसा. पुढचं सगळं मी शहाण्यासारखं केलं. कपाटाची किल्ली दिली, खोके काढून दिले, पिशवी देऊ का म्हणूनही विचारलं. हो, विचारलं. सगळे नंतर म्हणाले की ठीकच केलंत, सर सलामत तो पगडी पचास. पोलिसही तेच म्हणाले, आणि ते दोघे काही सापडले नाहीत. पण जाताना त्या उंच माणसाने माझं पाकीट उघडून ओळखपत्रावरचा पत्ता मोठ्याने वाचला, आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?" आणि मी सांगितलं. "बायको आणि मुलगी." तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. "मुलगी दहावीला आहे, साहेब." साहेब! अरे गाढवा, तुला कुणी विचारलं होतं ती कितवीला आहे म्हणून? सुऱ्याला घाबरलो त्याचं मला काही नाही, सुऱ्याला माणूस घाबरतोच. पण हे मी घाबरून नव्हतं सांगितलं. सांगताना मी त्यांच्याकडे बघून हसलो होतो, शेजारी भेटल्यावर हसतो तसा. पोलिसांना दिलेल्या जबाबात हे नाही. बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुकान त्यानंतर तसंच चालू राहिलं, गिऱ्हाइकं आठवडाभर चौकशी करून गेली, आणि मी मात्र रोज कधी ना कधी, बिल करताना, दात घासताना, ते वाक्य स्वतःच्या आवाजात ऐकत राहिलो.

म्हणून परवाना काढला. रिव्हॉल्व्हर चालवायला शिकवणारा होता त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, कसला कॅप्टन कुणास ठाऊक. पोट सुटलेलं, आवाज मात्र कवायतीचा. त्याचं एकच पालुपद: "हाताशी हवं, हाताला लागता कामा नये." मी म्हणालो, कॅप्टन, हे म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. तो म्हणाला, "गरजेला पाच सेकंदांत तुमच्या हातात, आणि एरवी शंभर वर्षांत कुणाच्या हातात नाही. अशी जागा शोधा." शोधा म्हणे! तीन खोल्यांच्या घरात. पहिले दोन दिवस उशीखाली ठेवलं, तर बायको आपली उशी काखोटीला मारून मुलीच्या खोलीत गेली. "तू झोप त्याच्या शेजारी," म्हणाली. मग कपाटाच्या माथ्यावर, सुटकेसच्या मागे. तिथून काढायला स्टूल लागायचं आणि स्टूल स्वयंपाकघरात. मग रिव्हॉल्व्हर एका खणात आणि गोळ्या बाहेरच्या खोलीत, घरातल्या औषधांच्या डब्यात, कापसाच्या गुंडाळीखाली. घड्याळ लावून पाहिलं: चव्वेचाळीस सेकंद. "तेवढ्यात चोर चहा पिऊन कप विसळून ठेवील," बायको म्हणाली. आणि मग तीच गंभीर होऊन म्हणाली, "कुलपाची पेटी आण. ठेवायचंच असेल तर नीट ठेव." पेटी आणली, बसवली, आणि पहिल्यांदा आकडे लावून तिला दाखवलं. मी तिला आकडा सांगायला लागलो तशी तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला नको. मला माहीतच नको." मग मी दुपारी सराव करायला लागलो. डोळे मिटून आडवं व्हायचं, मनात कडी वाजवायची, उठायचं, आकडे, झाकण, हात. अकरा सेकंद, आठ, सहा, पाच. कॅप्टनला फोन करून सांगितलं तर तो खूश झाला. पुरे आता, म्हणाला.

तर सोमवारी संध्याकाळी आठला, बायको स्वयंपाकघरात आणि मुलगी गॅलरीत फोनवर बोलत असताना, मी आत जाऊन पेटी उघडली. उचललं. जड. चक्री काढली, सहाच्या सहा जागेवर, पितळी बुडं चकाकत होती. मी पलंगावर बसलो. मी दुकानदार माणूस, साठा कमी झालेला मला समजतो. कुणी नेला, उंदरांनी खाल्ला, आपली मोजायची चूक झाली. पण कमी झालेला साठा आपोआप भरून निघालेला माझ्या बघण्यात नाही. दुपारी मला भ्रम झाला होता की आता होत होता? बाहेरून बायकोने हाक मारली, "जेवायला ये रे, काय करतोस आत?" आणि मी म्हणालो, "काही नाही, आलो." बाहेर जाऊन सरळ विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण पहिला प्रश्न माझ्यावरच उलटला असता: तू दुपारी तीनला पेटी कशाला उघडलीस? सराव, म्हणालो असतो. पण सराव संपून महिना होऊन गेला होता. आता सांगतोच आहे तर सरळ सांगतो. मी रोज दुपारी जेवून पलंगाच्या कडेला बसत होतो, पेटी उघडत होतो आणि ते मांडीवर घेत होतो. काही करत नव्हतो. सुरुवातीला त्या उंच माणसाला मनातल्या मनात उत्तरं देत होतो, तेव्हा सुचली नाहीत ती सगळी, एकापेक्षा एक. मग हळूहळू तो माणूस यायचा बंद झाला, आणि त्याच्यापुढे साहेब म्हणणारा तेवढा खोलीत उरला. त्याचा मला वीट आला होता. बायको-मुलीची राखण असल्या माणसाने करण्यापेक्षा तो नसलेलाच काय वाईट, असं मला वाटायला लागलं होतं, आणि हे मध्यरात्री जाग आल्यावर वाटणारं वाटणं नव्हे. लख्ख उन्हात, पोटभर जेवून, शांतपणे. पावणेपाचला मी उठत होतो, तोंड धूत होतो आणि दुकान उघडायला जात होतो.

मंगळवारी तीनला पुन्हा रिकामं. म्हणजे भ्रम नाही. भ्रम काही घड्याळ बघून येत नाही. कुणीतरी दुपारच्या आधी गोळ्या नेत होतं आणि संध्याकाळी आणून ठेवत होतं. बायकोला तर आकडा ऐकायचाही नव्हता. राहिली कोण? मुलगी हल्ली बोलत नव्हती. दार लोटून बसायची, जेवताना फोन उपडा ठेवायची, आणि जिच्याशिवाय तिचं पान हलत नसे त्या मैत्रिणीचं नाव घरात महिनाभर आलं नव्हतं. आकड्यांत ती पहिल्यापासून हुशार. पेटीचा पहिला आकडा मी तिच्या वाढदिवसाचा लावला होता, आठवड्यात बदलला. पण बापाच्या डोक्यातले आकडे असून असून किती असणार? सहा गोळ्या दप्तरात घालून ती कॉलेजात जाते. कशाला? कुणी त्रास देतंय? मग रिव्हॉल्व्हर का नेत नाही? आणि मग मला वाटलं, सराव करत असेल. आधी नुसत्या गोळ्या, धीर चेपेपर्यंत. मला हे वाटलं कारण धीर कसा चेपत नेतात ते मला माहीत होतं. त्या दिवशी पाचला मी दुकान उघडलंच नाही. तासभर जिन्याच्या खिडकीशी उभा राहून रस्त्याच्या वळणाकडे बघत होतो, साडेपाचला बायको शेजारून वर गेली तिला वारा खातोय म्हणालो, आणि सहाला मुलगी आली तेव्हा तिच्याआधी मला तिची बॅग दिसली, खांद्यावर, एका पट्ट्यावर लोंबणारी. ती अंघोळीला गेली तसा मी तिच्या खोलीत शिरलो. चेन उघडायला मला जमेना. वह्यांच्या मध्ये हात घातला, मग बाजूच्या कप्प्यात, आणि मागून आवाज आला.

"बाबा, काय शोधतोयस?"

"पेन."

"दुकानात पन्नास पेनं आहेत तुझ्या." केस ओले, टॉवेल खांद्यावर, आणि तोंडावर राग नाही, राग असता तर बरं झालं असतं. तिने बॅग उचलली आणि पलंगावर उलटी केली. वह्या, चार्जर, कंगवा, बिस्किटांचा चुरा, पोटदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी. त्या पट्टीची मुदत मी आधी वाचली, सवयीने. "घे. काय हवं ते घे. विचारायचं ना पण." मी खाली बघत होतो. "तू हल्ली घरात पोलिसासारखा फिरतोस," ती म्हणाली. "मी कुठे गेले, कधी आले, दाराबाहेर तुझी सावली. तू असा नव्हतास." आणि जरा थांबून, आवाज उतरवून: "बरा आहेस ना तू?"

"मला काय धाड भरलीय," मी म्हणालो, आणि त्या शब्दाचं मला पुन्हा हसू आलं, धाडच तर पडली होती. ती नाही हसली. पसरलेल्या वस्तू एकेक करून ती परत बॅगेत भरू लागली, आणि मी तिला कंगवा उचलून दिला. आठला पेटी उघडली तेव्हा सहाही गोळ्या परत आल्या होत्या.

बुधवारी सकाळी एक म्हातारी आली, नेहमीची, रक्तदाबवाली. डॉक्टरने नवीन गोळी दिली होती आणि तिला चिठ्ठीतलं काही वाचता येत नाही. मी पाकिटावर ठळक लिहून दिलं, एक-शून्य-एक. आणि समजावलं, हे मी झोपेतही समजावू शकतो: "सकाळी एक, दुपारी काही नाही, संध्याकाळी एक." ती म्हणाली, "दुपारी का नाही हो?" मी म्हणालो, "दुपारी नको म्हणून नाही, आजी. डॉक्टरने विचार करूनच लिहिलंय ना." आणि पेन हातात तसंच राहिलं. सकाळी आहेत. दुपारी शून्य. संध्याकाळी आहेत. दोन दिवस मी विचार करत होतो की गोळ्या कोण नेतं आणि कुठे नेतं, आणि चोवीस वर्षांच्या धंद्यात हे विचारायचं राहूनच गेलं होतं की हा डोस कुणाचा आहे. दुपारी घरात असतं कोण? मुलगी नसते. बायको नसते. चोराच्या भीतीने कुणी त्या काढल्या म्हणावं तर चोर आल्यावर उलट मला त्या लागल्याच असत्या. दुपारी घरात मी असतो, एकटा, दोन ते पाच. पेशंट मी होतो. म्हातारी सुट्टे पैसे पुढे करून उभी होती आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. "काय झालं हो?" ती म्हणाली. "डोळ्यात औषध उडालं," मी म्हणालो. साडेअकराला शटर ओढलं आणि बायकोच्या शाळेत गेलो.

कर्णबधिरांची शाळा शांत असते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जाऊन यावं. कान फाटतात. मुलं बाकं ओढतात, पाय आपटतात, आपण किती मोठ्याने ओरडतोय ते त्यांना कळत नाही. मी वर्गाच्या दाराला काच आहे तिथे उभा राहिलो. बायको खुर्चीत बसली होती, आणि एक मुलगी तिच्या गळ्यावर पंजा ठेवून उभी होती, आवाज गळ्यात कसा थरथरतो ते हाताने समजून घ्यायला. बायको म्हणत होती, "ग". मुलगी म्हणत होती काहीतरी. पुन्हा, "ग". बावीस वर्षं ती हेच करते, आणि घरी आल्यावर तासभर बोलत नाही, घसा दुखतो म्हणून. खुर्चीच्या पाठीला तिची पर्स टांगलेली होती. सगळ्या मुलांच्या गराड्यात, हाताच्या अंतरावर, ती तपकिरी पर्स. तिने मला पाहिलं, मुलांना खुणेने बसवलं, आणि पर्स खांद्याला लावूनच बाहेर आली.

"भिंतीकडे तोंड कर," ती म्हणाली.

"काय?"

"मोठ्या वर्गातली मुलं समोरच्या खिडकीतून बघतायत. ती ओठ वाचतात. भिंतीकडे तोंड कर आणि मग बोल." तर आम्ही दोघं व्हरांड्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, शिक्षा केल्यासारखे. भिंतीचा रंग पोपटी होता आणि लहान मुलांच्या हातांनी कमरेपर्यंत काळा झालेला.

"पर्समध्ये आहेत?" मी विचारलं.

"चष्म्याच्या डबीत." तिने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही.

"वर्गात आणतेस? या पोरांच्यात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"पर्सला छोटं कुलूप घातलंय. बाथरूमलासुद्धा बरोबर नेते. मला नाही का कळत? तीन दिवस जीव मुठीत धरून शिकवतेय मी." तिचा आवाज फाटला. "मग कुठे ठेवू? तुझ्या हाताशी?"

भिंतीकडे बघत मी म्हणालो, "आकडा कुणी सांगितला तुला?"

"तूच. ओठ हलतात तुझे. आकडे दाबताना तू म्हणतोस ते, आवाज न काढता. दुकानात गोळ्या मोजतोस तसे. पेटी बसवलीस त्याच दिवशी कळला मला, आणि नंतर बदललास तोही. कानांवर हात ठेवले होते रे मी. डोळे उघडे होते."

चोवीस वर्षं मी दहा-दहाच्या ढिगाने गोळ्या मोजत आलो आणि मला वाटायचं, मी मनात मोजतो. दुसऱ्या कुठल्याही बाईशी लग्न केलं असतं तर हा आकडा शंभर वर्षं सुरक्षित राहिला असता.

"शुक्रवारी मी लवकर आले होते," ती म्हणाली. "माझ्या किल्लीने दार उघडलं. तू पलंगाच्या कडेला बसला होतास. मांडीवर होतं ते. तू त्याच्याकडे बघतही नव्हतास, नुसता बसला होतास, जेवण झाल्यावर माणूस बसतो तसा. मी तशीच मागे फिरले, दार लावलं, दोन मजले खाली गेले. मग परत वर येऊन बेल वाजवली." मला ती बेल आठवली. मी पेटी लावून दार उघडलं होतं आणि विचारलं होतं, आज लवकर? ती म्हणाली होती डोकं दुखतंय, आणि मी तिला गोळी काढून दिली होती, पाणी आणून दिलं होतं. "डोकं दुखत नव्हतं माझं," ती म्हणाली. "पण तू गोळी दिलीस ती घेतली मी. काहीतरी तुझ्या हातचं घ्यावंसं वाटलं."

"मी काही करणार नव्हतो," मी म्हणालो.

"असं कर, खोटं बोलायचं असेल तर तिकडे वळून बोल. मुलांना वाचू दे. मला नको सांगूस."

आत मुलं बाकं बडवत होती. मी विचारलं, "मग संध्याकाळी परत का ठेवायचीस? फेकून द्यायच्या. पोलिसांत नेऊन द्यायचं सगळं."

"कारण मलाही भीती वाटते," ती म्हणाली. "तुला काय वाटतं, तुझी एकट्याचीच मक्तेदारी आहे? त्यांना पत्ता माहितीये. खाली गाडी थांबली की मीही जागी होते, तुझ्यासारखीच, डोळे मिटून पडून राहते एवढंच. आपण तिघं घरात असू तेव्हा त्या जागेवर हव्यात. तू एकटा असशील तेव्हा नकोत. मला याच्यापलीकडे काही सुचलं नाही, आणि तुला विचारायचा धीर झाला नाही. विचारलं आणि तू हो म्हणालास तर?"

तेव्हा मी तिला ते सांगितलं. पाकीट, पत्ता, घरी कोण कोण असतं, आणि मुलगी दहावीला आहे, साहेब. नऊ महिन्यांत पहिल्यांदा ते वाक्य मी मोठ्याने म्हटलं आणि पोपटी भिंतीला ऐकवलं. ती म्हणाली, "बरं, मग?"

"मग काय? हसत सांगितलं मी त्यांना. मुलीचं."

"सुरा समोर ठेवला असता तर मी तिचे मार्क पण सांगितले असते," ती म्हणाली. "विषयवार." आणि मी भिंतीला कपाळ टेकून हसलो, आणि हसणं कुठे संपलं ते मला कळलं नाही, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला होता आणि समोरच्या खिडकीतली सगळी मुलं नक्की बघत असणार. घंटेच्या जागी तिथे दिवा लागतो, तो लागला. ती घाईने बोलली: आजच नवीन आकडा लावायचा, तो तिलाच माहीत असेल. डॉक्टरकडे जायचं, उद्याच, ती बरोबर येणार. "तुझ्या दुकानातल्याच गोळ्या तुला घ्याव्या लागल्या तर घ्यायच्या, नखरे नाही करायचे." मी म्हणालो, आणि ते दोघे आले तर? "तर मी उघडीन आणि तू धर." आणि तू नसलीस तर? "मी नसले तर दाराला कडी घाल आणि बोंब मार. मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. नाहीतर पळ. पळणारा नवरा चालेल मला." दिवा उघडझाप करत होता. ती आत गेली.

संध्याकाळी साडेसहाला आम्ही खोलीत होतो. मुलगी क्लासला गेली होती. पेटीला अडीअडचणीसाठी म्हणून एक किल्लीही असते, ती मी दुकानातल्या कपाटात ठेवत असे. तिने मागायच्या आत मी ती आणून तिच्या हातावर ठेवली. तिला माहीतही नव्हतं अशी किल्ली असते म्हणून. मला बरं वाटलं, खरं सांगतो, उगाच छातीवरून ओझं उतरल्यासारखं. हे एवढं सोपं होतं तर, मला वाटलं. ती चष्मा लावून पेटीसमोर जमिनीवर बसली, माहितीपत्रक वाचत. "तिकडे तोंड कर. खिडकीकडे." मी वळलो. बाहेर अंधारून आलं होतं, खोलीत ट्यूबलाइट. काचेत सगळी खोली होती, पलंग, कपाट, तिची पाठ, तिचा उजवा हात.

पहिला आकडा मी बघितला नाही, तो दिसला. सात. दुसरा मात्र मी बघितला. तिसऱ्याला तिचा खांदा आड येत होता तर मी मान जरा डावीकडे केली, एवढीशीच. आणि चौथा. पेटी टिकटिकली. "झालं एकदाचं," ती म्हणाली. चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला, एकेक गोळी आत सरकल्याचा, झाकण लागल्याचा. काचेत मला तिचा चेहरा दिसला. आठवडाभराने तो सैल पडला होता, तिने डोळे मिटून मान मागे टाकली होती. आणि माझ्याकडे चारही आकडे होते. कुणाला कळायचं कारण नव्हतं. उद्या दोन वाजता मी जेवायला येईन, घरात कुणी नसेल. मी काही करणार नाही, पण असू देत, मला वाटलं, असू देत हाताशी. किती वेळ गेला माहीत नाही. "वळ ना आता," ती म्हणाली. वळलो असतो तर तिने तोंडावरूनच ओळखलं असतं, आणि मला ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं.

"बदल," मी म्हणालो.

"काय बदल?"

"आकडा. काचेत दिसला मला. चारही."

मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. काचेत ती नुसती माझ्या पाठीकडे बघत होती. मग तिने पत्रक पुन्हा उचललं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

"मी बाहेर जातो," मी म्हणालो. "कडी लावून घे आतून." चपला अडकवून मी जिन्यात आलो. मागे कडी लागली. दोन पायऱ्या उतरून उभा राहिलो, पण तिथूनही टिकटिक ऐकू येईल आणि मी मोजायला लागेन असं वाटलं, म्हणून सरळ खाली रस्त्यावर गेलो, आणि तिने गॅलरीतून हाक मारेपर्यंत वर आलो नाही.